तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : उन्हाळ्यात लिहिणं होतं का हो?

प्रश्न : ताई, तुम्ही मुलांसाठी गोष्टी लिहिता. मे महिन्यात घरभर पोरं असताना लिहायला बसता तरी कधी? – एक वाचक, निपाणी

उत्तर : खरं सांगू का, बसतच नाही! म्हणजे पहाटे पाच ते सात, बास, नंतर दूधवाला, पाणी भरणं, आणि बहिणीची तीन पोरं उठली की संपलंच. आमच्याकडं कर्नाटकात शाळा एप्रिलमध्येच सुटतात अन् मे संपता संपता परत भरतात, महाराष्ट्रासारखी जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी नाही मिळत, त्यामुळे सगळी धांदल त्या दीड महिन्यात.

परवा गच्चीवर कुरडया घालताना मांडीवर वही ठेवून एक ओळ खरडत होते तर धाकटा आला, "मावशी, काय लिवायलीस गं?" वाचून दाखवलं. माझ्या गोष्टीतलं अस्वल आंबे खात होतं. तो म्हणतो, "खानापूरच्या जंगलात करवंदं असतात की, तीच खाऊ दे." खोडलं बघा लगेच! एडिटरपेक्षा कडक कारभार. वहीच्या त्या पानावर अजून चिकाचा डाग आहे, वाळून कडक झालाय.

दुपारी लाईट गेली की लॅपटॉप बंद, मग पोरं गोष्ट सांग म्हणून मागं लागतात, निम्मी मराठीत निम्मी कन्नडमध्ये सांगते कारण शेजारची पोरगी पण येऊन बसते. कुठं हसले, कुठं चुळबुळ झाली ते ध्यानात ठेवायचं. चुळबुळ झालेला भाग दुसऱ्या दिवशी पहाटे कापते.

यंदा दोनच गोष्टी झाल्या. कुरडया मात्र दोन डबे.