नाव पुण्याचे, हप्ता त्रिमूर्तीनगरचा

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि कर्ज

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७ लाख २० हजार रुपये असून आम्ही खुल्या प्रवर्गात मोडतो. त्रिमूर्तीनगरात स्वतःचे छोटे घर आहे. मुलाला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत ९४ पर्सेंटाइल मिळाले. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत त्याला नागपुरातील एका स्वायत्त महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन ही अभियांत्रिकीची शाखा मिळाली आहे. पुण्यातील एका नावाजलेल्या खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून (महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून) कॉम्प्युटर मिळू शकते. तिथे शुल्क वर्षाला २ लाख आणि राहणे-जेवण सुमारे १ लाख ३० हजार रुपये आहे. नागपूरचे शुल्क १ लाख ६० हजार असून त्यातील शिक्षण शुल्क १ लाख ४० हजार आहे. बँक १० लाखांचे कर्ज देण्यास तयार आहे, पण घराची कागदपत्रे तारण मागते. माझे मेव्हणे म्हणतात की कॉलेजचे नाव मोठे असले की कर्ज आपोआप फिटते. मुलाचा ओढाही पुण्याकडेच आहे. आम्ही काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण पत्रासोबत जोडलेला हिशेबाचा चौकटीचा कागद मी दोनदा वाचला. शुल्क, खाणावळ, पुस्तके, लॅपटॉप अशा सर्व ओळी नीट मांडल्या आहेत. वसतिगृहाचा पहिल्या वर्षाचा आकडा तसाच चारने गुणला आहे, जणू पुढील चार वर्षे पुण्यातली खाणावळ भाव वाढवणारच नाही. दिवाळीत रेल्वेचे आरक्षण न मिळाल्यास खासगी बसला मोजावे लागणारे पैसेही त्यात नाहीत. मात्र सर्वांत मोठी उणीव निराळी आहे. त्या कागदावर व्याजाची ओळच नाही.

ती आपण इथे लिहून पाहू. दर वर्षी अडीच लाख याप्रमाणे १० लाख उचलले, व्याजाचा दर १० टक्के धरला आणि शिक्षणाची चार वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष अशी हप्ता न भरण्याची सवलत पूर्ण वापरली, तर त्या काळाचे सरळ व्याजच साडेतीन लाख होते. म्हणजे मुलगा पहिला हप्ता भरायला बसेल तेव्हा कर्ज साडेतेरा लाखांचे झालेले असेल आणि दहा वर्षांच्या मुदतीने त्याचा मासिक हप्ता १७,८०० रुपयांच्या पुढे जाईल. सारी परतफेड मिळून २१ लाखांच्या वर जाते. शिवाय एकूण खर्च १३ लाख २० हजार असल्याने वरचे ३ लाख २० हजार आपल्या भविष्य निर्वाह निधीतून जाणार, ते वेगळेच.

आता नागपूरची बाजू. इथे आपल्याकडून एक गोष्ट सुटली आहे, आणि माझ्या मते साऱ्या निर्णयाची मेख तीच आहे. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यातील खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. पण प्रवेश कॅपमधून झालेला असेल तरच. व्यवस्थापन कोट्यात शिरताच हा हक्क संपतो. गुणवत्तेने प्रवेश घेणाऱ्यांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतही निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज आणि ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १० लाखांच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. कोट्यातून जाणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये. थोडक्यात, कोट्याची जागा शुल्काच्या पावतीवर दिसते त्याहून महाग असते, कारण तिच्यापायी सोडून दिलेल्या सवलतींची पावती कोणी देत नाही.

शिष्यवृत्तीचे ७० हजार वजा जाता नागपूरला आपल्याला वर्षाला ९० हजार भरावे लागतील. त्यासाठी चार वर्षांत मिळून ३ लाखांचे कर्ज काढले, तरी वरच्याच हिशेबाने हप्ता साधारण ५,३५० रुपये येतो. सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, त्यामुळे त्रिमूर्तीनगरच्या घराची कागदपत्रे कपाटातच राहतील. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल सेतू केंद्रातून आताच काढून ठेवावेत आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज मुदतीत भरावा.

राहिला प्रश्न नावाचा. नावाला किंमत नसते असे मी म्हणणार नाही. मुलाला १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये कॅपमधून जागा मिळाली असती, तर वसतिगृहाचा खर्च सोसूनही त्याला पाठवा, असेच मी लिहिले असते. पण नाव ज्या महाविद्यालयाचे आहे, त्याच्या नेमक्या शाखेत काय चालते ते पाहावे लागते. एनबीएचे (राष्ट्रीय मानांकन मंडळाचे) मानांकन संपूर्ण महाविद्यालयाला नव्हे, एकेका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरते मिळते. तेव्हा दोन्ही ठिकाणच्या त्या-त्या शाखेला ते आज आहे का, याची खात्री करावी. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावरचे सर्वांत मोठे पॅकेज वाचून सोडून द्यावे. ते एखाद-दुसऱ्या मुलाचे असते, आणि तो मुलगा कुठेही शिकला असता तरी बहुधा चमकलाच असता. त्याऐवजी एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीसाठी महाविद्यालयाने सादर केलेली माहिती त्याच्या संकेतस्थळावर शोधावी. तिच्यात किती मुले उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, हे असते. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडा म्हणजे मीडियन. तो संपूर्ण पदवी अभ्यासक्रमाचा असतो, शाखेनुसार नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या कॅम्पसमधून घाऊक भरती करतात, तेव्हा नवख्या अभियंत्याला बहुधा वर्षाला साडेतीन ते चार लाख देतात, आणि एकाच पदासाठी पुण्याच्या मुलाला एक व नागपूरच्या मुलाला दुसरा पगार ठेवत नाहीत. चार लाखांतून कपात होऊन हातात महिना तीसेक हजार आले, तर त्यातून १७,८०० चा हप्ता काढल्यावर परगावी खोलीचे भाडे तरी निघेल का? आणि मुलाने नोकरीऐवजी गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. करायचे ठरवले तर? गेटमधून मिळणारे विद्यावेतन महिन्याला १२,४०० रुपये आहे. पुण्याच्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा ते कमी आहे. बँक कदाचित हप्ता पुढे ढकलेल, पण व्याज थांबणार नाही. मेव्हण्यांच्या वाक्यातला ‘आपोआप’ हा शब्द मला म्हणूनच फार महाग वाटतो.

कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांतील फरकाला मी आपल्याइतके वजन देणार नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पस परीक्षेला इलेक्ट्रॉनिक्सची मुलेही बसतात, आणि अनेक स्वायत्त महाविद्यालयांत जादा श्रेयांक मिळवून संगणक विषयात मायनर, म्हणजे जोडविषयाचा अभ्यासक्रम, करता येते. आपल्या महाविद्यालयात ती सोय आहे का, हे विचारून घ्यावे. मुलाला घेऊन एखाद्या कामाच्या दिवशी तिथे जावे. प्राचार्यांच्या दालनापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये अर्धा तास उभे राहिल्याने अधिक कळते : प्रयोगशाळेतील किती यंत्रे चालू आहेत, शिक्षक वर्षभर टिकतात की सत्र संपता संपता बदलतात, इंटर्नशिप कोण मिळवून देते.

माझे मत नागपूरच्या बाजूचे आहे. ते मुलावर लादू नये. हप्त्याचे दोन्ही आकडे त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्यावेत, कारण पुढे ते त्यालाच भरायचे आहेत. मात्र कॅपच्या जागेवर ठरलेल्या तारखेच्या आत हजर न झाल्यास ती जागा जाते, आणि पुण्याचा कोटा त्या तारखेनंतरही खुला असेल असे सांगणाऱ्यांवर विसंबू नये.

प्रश्न : मी कामठीची असून ओबीसी प्रवर्गातील आहे. वडिलांचे उत्पन्न ५ लाख रुपये आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की कॅपची वाट पाहू नकोस, कॉलेजात थेट पैसे भरून जागा पक्की कर, उरलेल्यासाठी कर्ज मिळेल. हे योग्य होईल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मुळीच नाही. २०२४ च्या जुलैमधील शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट तीच, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. थेट पैसे भरून तू जे कर्ज काढशील, त्याचा बहुतेक भाग मुळात भरावाच लागला नसता. विकास शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च या माफीत येत नाही, तेवढ्याची तयारी ठेव. आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राबरोबरच जात पडताळणीचा अर्ज अजून केला नसशील, तर या आठवड्यातच कर आणि त्याची पोच जपून ठेव. या भागातल्या कितीतरी मुलींची जागा गुणांवर नव्हे, त्या एका कागदावर अडते.