क्लाउनफिशची घरगुती पैदास: आधी रोटिफरची बादली, मग माशांची जोडी

या वेळी शोभिवंत माशांबद्दल तीन पत्रे आली आहेत. तिन्ही एकाच माशाविषयी असल्याने एकत्र उत्तर देतो.

मालवण तालुक्यातल्या एका ताई लिहितात: "घरामागे दहा बाय बारा फुटांची पक्की खोली रिकामी आहे. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची पैदास घरी करता येते असे ऐकले. दोन जोड्या आणून सुरुवात करू का? टाकी केवढी लागेल? समुद्रफूल कुठून आणायचे?"

सांगली जिल्ह्यातले एक द्राक्ष बागायतदार विचारतात: "आमच्याकडे समुद्र नाही. तरी हे जमेल का?"

आणि रायगडमधला एक तरुण लिहितो: "माझी जोडी सहा महिन्यांपासून नेमाने अंडी घालते. पिल्ले निघतात, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकीच्या तळाशी एकही जिवंत सापडत नाही. कोणते औषध टाकू?"

सुरुवात तिसऱ्या पत्रापासून करतो, कारण बाकीच्या दोघांना जे आत्ताच कळायला हवे ते त्यात आहे. दादा, औषध टाकू नका. तुमची पिल्ले रोगाने मरत नाहीत, भुकेने मरतात. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे असते. पोटाला चिकटलेला बलक फार तर एखादा दिवस पुरतो. पुढे त्याला तोंडाजवळ हलणारे, जिवंत आणि तोंडात मावेल एवढे बारीक भक्ष्य लागते. कोरडे खाद्य कितीही बारीक कुटून घातले तरी ते बहुतेक पिल्ले घेत नाहीत, उलट ते तळाशी कुजून पाणी बिघडते. आर्टेमिया या चिमुकल्या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची ताजी पिल्ले या वयाला मोठी पडतात. चालतो तो रोटिफर नावाचा खाऱ्या पाण्यातला सूक्ष्म जीव. उजेडासमोर पाण्याचा ग्लास धरला की पांढरी धूळ हलताना दिसावी तसा तो दिसतो.

म्हणून ज्यांना पैदास करायची आहे त्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. मासे नंतर आणा. आधी रोटिफरची बादली सलग दीड-दोन महिने जिवंत ठेवून दाखवा. जोडी जमली की अंडी ती आपणहून घालते, त्यासाठी तुम्हाला फारसे काही करावे लागत नाही. पिल्लांचे खाद्य मात्र रोज तुम्हालाच पिकवावे लागते. हा धंदा माशांचा दिसत असला तरी त्याची खरी शेती हिरव्या पाण्याची आहे.

हिरवे पाणी म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शैवालाची वाढ. पाच लिटरच्या पारदर्शक बाटल्यांत स्वच्छ, निर्जंतुक खारे पाणी घ्या. त्यात प्रयोगशाळेतून आणलेले विरजण आणि शैवालाचे तयार पोषक द्रावण घाला, हवेची नळी सोडा आणि ट्यूबलाइटजवळ ठेवा. आठवडाभरात पाणी गर्द हिरवे होते. त्यातला काही भाग रोज रोटिफरला द्यायचा आणि काही पुढच्या बाटलीचे विरजण म्हणून राखायचा. बेकरीचे यीस्ट घालूनही रोटिफर वाढतात, पण अशा रोटिफरवर वाढलेली पिल्ले अशक्त राहतात आणि यीस्ट थोडे जरी जास्त झाले तरी बादली एका रात्रीत नासते. अडचणीच्या दिवशी चिमूटभर ठीक, रोजची सवय नको.

आता हिशेब पाहा. पिल्लांच्या तीस लिटरच्या टाकीत दर मिलिलिटरला निदान दहा रोटिफर हवेत, म्हणजे एका वेळी तीन लाख. वीस लिटरच्या बादलीत दर मिलिलिटरला शंभर रोटिफर असतील तर बादलीत वीस लाख झाले. रोज चौथा भाग काढला तर पाच लाख हाती येतात, आणि काढलेल्या पाण्याच्या जागी हिरवे पाणी भरले की दुसऱ्या दिवशी संख्या पुन्हा भरून येते. म्हणजे एक बादली पुरते. तरीही दोन ठेवा, एकमेकींपासून लांब, आणि दोघींच्या नळ्या, गाळण्या आणि पाणी काढायचे मग वेगवेगळे ठेवा. मी स्वतः सुरुवातीला एकाच बादलीवर भिस्त ठेवली होती. पिल्ले दोन दिवसांची असताना सकाळी बादलीवर फेस आणि उग्र वास. रोटिफर सगळे बसलेले. त्या दिवशी मोटारसायकलवरून चार ठिकाणी विरजण शोधत फिरलो. मिळाले ते तिसऱ्या दिवशी, तोवर टाकी रिकामी झाली होती. तेव्हापासून दुसरी बादली ठेवल्याशिवाय मी कोणालाही जोडी आणू देत नाही.

मोजणी सोपी आहे. सुईविना सिरिंजमध्ये एक मिलिलिटर पाणी घ्या, उजेडासमोर धरा आणि भिंगातून मोजा. शंभर मोजणे जड जाते, म्हणून आधी त्या पाण्यात नऊ पट खारे पाणी मिसळा, त्यातले एक मिलिलिटर मोजा आणि दहाने गुणा. आकडा रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन दिवस लागोपाठ उतरता दिसला की बादली नासायच्या बेतात आहे. लगेच अर्धी रिकामी करून ताजे पाणी द्या. काढलेले रोटिफर बोल्टिंग सिल्कच्या बारीक गाळणीतून गाळून, स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुऊन मगच पिल्लांना घाला. बादलीतले घाण पाणी पिल्लांच्या टाकीत जाता कामा नये.

ताई, आता तुमच्या जोडीकडे वळतो. या माशात जन्मतः मादी कोणीच नसते. घोळक्यातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याखालचा नर, बाकीचे वाढ रोखून लहानच राहतात. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. म्हणून बाजारातून दोन मोठे मासे आणले आणि दोन्ही माद्या निघाल्या तर त्या एकमेकींना मरेपर्यंत चावतात. त्यापेक्षा उबवणी केंद्रात जन्मलेली सहा लहान पिल्ले आणून एकत्र वाढवा. मोठी दोघे जवळजवळ राहू लागली आणि बाकीच्यांना हुसकावू लागली की उरलेली काढून घ्या. अंडी मिळायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागते. तयार जोडी महाग पडते, पण वेळ वाचतो. समुद्रातून पकडलेले मासे नकोत. रोग बहुधा त्यांच्यासोबतच येतात. शिवाय ओसेलारिस ही सर्वांत सोपी जात आपल्याकडे अंदमानच्या समुद्रातली आहे, मालवणच्या पाण्यातली नाही. म्हणून वाढवलेली पिल्ले कधीही समुद्रात सोडू नका.

समुद्रफूल, म्हणजे समुद्रात हा मासा ज्याच्या आश्रयाने राहतो तो जीव, टाकीत लागत नाही. त्याला प्रखर प्रकाश आणि फार स्थिर पाणी लागते, आणि ते मेले तर अख्खी टाकी नासवते. जोडी मातीच्या आडव्या कुंडीत किंवा टेकवून ठेवलेल्या मंगलोरी कौलाच्या तुकड्यापाशी सुखाने राहते. टाकीत शोभेसाठी किनाऱ्यावरून प्रवाळ तर मुळीच उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते संरक्षित आहे, गुन्हा दाखल होतो. गाळणीसाठी स्पंज फिल्टर आणि उकळून धुतलेले शिंपले पुरतात.

एका जोडीला अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच काचेची टाकी, म्हणजे सुमारे ११० लिटर पाणी ठीक. टाकी भरून फिल्टर चालू केल्यावर चार ते सहा आठवडे मासे सोडू नका. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला तेवढा वेळ लागतो. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग सोडा. हेच दिवस रोटिफरच्या सरावाचे. तापमान २६ ते २८ अंश, सामू ८ ते ८.३, क्षारता म्हणजे पाण्याचा खारेपणा लिटरला ३० ते ३५ ग्रॅम ठेवा. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तिथे काटकसर नको.

पाणी तुमच्या दारात असले तरी वर्षभर चालणारे नाही. जून ते सप्टेंबर किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि गोडसर होते. खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात पाणी भरा. दोन दिवस निवळू द्या, गाळा, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करा, मग सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन पूर्ण घालवून झाकणाच्या टाकीत साठवा. पावसाळ्यापुरता साठा मे महिन्यातच करून ठेवा.

सांगलीच्या बागायतदारांनाही हे जमेल. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळायचे, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. ११० लिटरच्या टाकीला पावणेचार ते चार किलो. हे मत्स्यालयासाठी मिळणारे खास मीठ हवे. स्वयंपाकातले किंवा मिठागरातले मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे समुद्रातले प्रमाण राहत नाही. तुमच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, मीठ मागे राहते. म्हणून घटलेले पाणी रोज आरओच्या गोड पाण्याने भरा, खाऱ्याने नाही. ही चूक मी वारंवार पाहतो. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा आणि थंडीच्या रात्री थर्मोस्टॅटचा हीटर लागेल. खर्च किनाऱ्यापेक्षा जास्त येईल, तो धरूनच निर्णय घ्या.

जोडीला कोळंबीचा कीस, तिसऱ्यांचे मांस, कधी थोडी गाबोळी असे दिवसातून दोन-तीनदा, चाटूनपुसून संपेल एवढेच द्या. अंडी घालायची वेळ आली की दोघे कौल चावून चावून साफ करतात, मादीचे पोट फुगते. अंडी नारिंगी असतात, पहिल्या खेपेला थोडी, पुढे काही शेकडा. पहिल्या दोन-तीन खेपा आईबापच खातात. घाबरू नका, टाकी हलवू नका, जोडी बदलू नका. नंतर महिन्यातून दोनदा अंडी येऊ लागतात. नर दिवसभर पंखांनी वारा घालतो आणि मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो.

रोज सकाळी अंड्यांकडे नीट बघा. नारिंगी रंग हळूहळू गडद होतो, चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात. सातव्या दिवसाच्या आसपास ते डोळे चांदीसारखे चमकू लागले की त्याच रात्री पिल्ले निघणार असे समजा. संध्याकाळी पिल्लांच्या टाकीत जोडीच्याच टाकीतले पाणी भरा आणि कौल पाण्याबाहेर न काढता, पाण्याच्या भांड्यात बुडवून, तीत हलवा. एअर स्टोन अंड्यांच्या अगदी जवळ ठेवा, म्हणजे बुडबुडे अंड्यांना हलवत राहतील. आता बापाचे काम त्याने करायचे. दिवा बंद करा. तासा-दोन तासांत टॉर्च तिरपी लावून पाहा. कौलाजवळ सुईच्या टोकाएवढे चमकते डोळे उसळताना दिसतील. मग हवा अगदी मंद करा आणि टाकीच्या बाजू काळ्या कागदाने झाका. काचेवर उजेड पडला की पिल्ले त्यावर आपटून मरतात. हिरवे पाणी घालून टाकी फिकट हिरवी ठेवा आणि सकाळी उजेड होताच रोटिफर हजर हवेत.

पहिले तीन दिवस पाणी बदलू नका. नंतर तळातली घाण बारीक नळीने ओढा आणि रोज दहा टक्के नवे पाणी सलाईनच्या नळीतून थेंब थेंब सोडा. सातव्या-आठव्या दिवसापासून रोटिफरसोबत ताजी आर्टेमिया सुरू करा. तिच्या अंड्यांची टरफले मात्र टाकीत जाऊ देऊ नका. आठव्या ते पंधराव्या दिवसात डोक्यामागचा पहिला पांढरा पट्टा उमटतो. तो दिसला की अवघड टप्पा ओलांडला. वीजपुरवठा तुटला तर याच दिवसांत सर्वाधिक नुकसान होते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच जोडून ठेवा.

ताई, तुम्हाला एक सोपी वाट सुचवतो. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानचे समुद्री शोभिवंत माशांचे उबवणी केंद्र आहे. तिथली रीत आधी बघून या. खाद्य खायला शिकलेली लहान पिल्ले आणून, तीन-चार महिने वाढवून विकली तर पाण्यावर हात बसतो आणि दोन पैसेही सुटतात. पैदास त्यानंतर. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य संगोपनाचा घटक आहे. त्यात महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेत आहेत का ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा, आणि मंजुरी हातात पडेपर्यंत अनुदानाच्या भरवशावर कर्ज काढू नका. विक्रीचेही आधी ठरवा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधल्या मत्स्यालयाच्या दुकानांत जाऊन कोणत्या आकाराच्या माशाला काय भाव देतात ते स्वतः विचारून या.

रायगडच्या दादांनी पुढच्या दोन खेपा अंडी जोडीजवळच राहू द्यावीत, पिल्ले काढायची घाई करू नये. त्या महिनाभरात दोन बादल्या उभ्या करा, रोज मोजा आणि कॅलेंडरवरचे आकडे मला लिहून पाठवा. ते पाहून तिसऱ्या खेपेचे कौल हलवायचे की नाही ते सांगतो.