धुळ्याजवळच्या डोंगरवाटा सायकलींसाठी बंद होऊ लागल्यात. परवानगी कोणाकडून घ्यायची?

तुम्ही विचारलंय की लळिंगच्या बाजूला आठ-दहा जण एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) चालवता, एका वाटेवर कुणीतरी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, दुसरीकडून वनरक्षकाने परत पाठवलं, तर आता परवानगी नेमकी कोणाची घ्यायची?

एकाची घेऊन भागणार नाही. सहा किलोमीटरची वाट धरली तरी ती शिवरस्त्यावरून निघते, कुणाच्या बांधाला लागते, गायरान ओलांडते आणि शेवटी वनहद्दीत शिरते. म्हणून आधी तुमचा जीपीएस ट्रॅक महाभूनकाशावरच्या (शासनाच्या ऑनलाइन जमीन-नकाशांवरच्या) गटांशी ताडून बघा आणि जमीन कोणाची त्याप्रमाणे वाटेचे तुकडे पाडा. गावनकाशावर गाडरस्ता दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. त्या रेषेवर तुम्ही असाल तर वाट सार्वजनिक, पण तेवढ्यावरून शेतकऱ्याशी हुज्जत घालू नका. बांधावरून गेलेली वाट बहुतेक वेळा शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या समजुतीवर चालते. महसूल कायद्याचं कलम १४३ शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी रस्ता देतं, हौशी सायकलस्वाराला नाही.

फांद्या का पडल्या, याचं कारण बहुधा तीनांपैकी एक असतं. कुपाटीतलं फाटक उघडं राहिलं आणि ढोरं कपाशीत शिरली. बांधावरून चाकं गेली आणि पावसाळ्याआधीच बांध खचला. किंवा ठिबकची नळी फुटली. खान्देशात तिसरं कारण आधी तपासा. १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे हीच नळी, उन्हात नरम होते. खाली मुरमाचा खडा आणि वर चाक आलं की भोक पडतं. गंमत म्हणजे ते त्या क्षणी दिसत नाही. मोटर सुरू झाल्यावर कळतं, तोवर तुम्ही घरी पोचलेले असता आणि पुढच्या झाडांना पाणी कमी पडतं. नळी दिसली की सायकल उचलून न्यायची. शिवाय पिशवीत त्याच मापाचे चार जॉइनर आणि हातभर नळी ठेवा. खराब भाग सरळ कापायचा, टोकं ओली करून जॉइनर आत दाबायचा. तुकडा मोठा गेला असेल तर मध्ये नळी घालून दोन जॉइनर. पाच मिनिटांचं काम आहे. मग मालकाला सांगून जायचं, गुपचूप नाही.

टाकलेल्या फांद्या मात्र स्वतः उचलून फेकू नका. फेकल्या की दुसऱ्या दिवशी तिथे तार येते. शेताच्या कडेला झटका मशीनची बारीक तार आधीच असू शकते, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी. तिचा झटका सहन होतो, पण काही जण बेकायदा थेट वीज सोडतात आणि ती जीव घेते. अंधारात बांधावरून सायकल चालवू नका, एवढं एक ऐकाच.

परवानगी मागायची ती मालकाकडे, पण ओळख सालदाराशीही (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याशी) ठेवा. शेतावर दिवसभर तोच असतो आणि ‘ही पोरं ओळखीची आहेत’ हे तोच सांगतो. सालदार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतात, म्हणून आखाजीनंतरच्या पहिल्या रविवारी पुन्हा एकदा रामराम घालून या. मागताना तोंडी ‘येत जाऊ’ म्हणू नका. कोणत्या वारी, किती वाजता, किती सायकली, ते सांगा. एका गटात सहाच्या वर नकोत. जास्त असतील तर दहा मिनिटांच्या अंतराने दोन गट करा.

गायरानाचं काम ग्रामपंचायतीत होतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या नावे एका पानाचा अर्ज, सोबत वाटेचा नकाशा, आणि आवक क्रमांकासह पोहोच. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो वाचला जाईल असं बघा आणि त्या दिवशी तुमच्यापैकी दोघांनी हजर राहा. चराईचा प्रश्न तिथे हमखास निघतो. ठेलारींच्या मेंढ्या समोर आल्या तर वीस-पंचवीस मीटर आधी थांबा, उताराच्या बाजूला उतरून उभे राहा आणि सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा. कळप पुढे गेल्यावरच निघा.

वनहद्दीत ओळखीपेक्षा कागद चालतो. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि जमीन खोदणं, दोन्ही भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली येतं. म्हणजे वनरक्षक अडवतो तेव्हा तो आपलं काम करतोय. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या, त्यात नियतक्षेत्र (वनरक्षकाचं बीट) आणि त्यातला कक्ष क्रमांक लिहा. ते क्रमांक वनरक्षकालाच विचारा. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत वणव्याचा हंगाम असतो, तेव्हा अर्जात स्वतःहूनच लिहा की या दिवसांत स्टोव्ह, सिगारेट काही नाही आणि धूर दिसला तर तुम्ही कळवाल. अर्ज पुढे सरकतो तो अशा ओळींमुळे. ३१ जुलैला बाबासाहेबांच्या स्मृतीसाठी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोकांची रीघ लागते. त्या दिवशी तिकडे सायकल नकोच.

अनेर, यावल, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ची कलमं २७ आणि २८ लागतात, आणि गौताळ्यातल्या पाटणादेवीला दर्शनाला जाता येतं म्हणून आतल्या जंगलवाटांवर सायकल चालते असं होत नाही.

वाट दुरुस्त करायचा उत्साह सगळ्यांना असतो. उतारावरचे सलग समतल चर, साधारण साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल, दगड टाकून बुजवून ‘रॅम्प’ करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ते चर पाणी मुरवण्यासाठी गावाने खोदलेले असतात. सायकल खांद्यावर घ्या. परवानगी मिळाल्यावर करायचं काम वेगळं: वाटेला बाहेरच्या बाजूला तीन ते पाच टक्के उतार द्या आणि दर दहा-पंधरा मीटरवर चढ-उताराची दिशा थोडी मोडा, म्हणजे पाणी तिथून बाहेर पडतं, वाटेवरून वाहत जात नाही. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर वाट नाला होते.

पावसानंतर मुरमाचा भाग दुसऱ्या दिवशी चालतो. काळ्या मातीला तीन-चार दिवस द्या. दहा पावलं सायकल ढकलून बघा. चिखलाने चाक फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दांड्यांत) अडकलं तर परत फिरा. ओल्या काळ्या मातीत पडलेली चाकोरी उन्हात दगडासारखी घट्ट होते आणि मग बैलगाडीवाला तुमच्या नावाने बोटं मोडतो.

आणि शेतातून गेलेल्या तुकड्यावर स्ट्रावाचा (सायकलफेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपचा) सेगमेंट, म्हणजे वेळ मोजायचा टप्पा, असेल तर तो ‘धोकादायक’ म्हणून फ्लॅग करा. तिथे वेळेची चढाओढ लागली की नाशिक-जळगावहून अनोळखी लोक येतात आणि उघड्या राहिलेल्या फाटकाचा जाब शेतकरी तुम्हाला विचारतो.