ग्रह कोणता आणि तारा कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखायचं?

ओळखता येतं, दुर्बीण सध्या घेऊच नका. ‘लुकलुकतो तो तारा, स्थिर दिसतो तो ग्रह’ हा शाळेतला नियम खरा आहे, पण क्षितिजाजवळ ग्रहही लुकलुकतात. त्याहून भरवशाची खूण जागेची. ग्रह सूर्य-चंद्राच्या वाटेनेच, राशींच्या पट्ट्यातून फिरतात. सप्तर्षींमध्ये ग्रह कधी सापडणार नाही. शुक्र तर सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर झगमगतोय तो शुक्र नव्हे, बहुधा गुरू.

ताऱ्यांची सुरुवात मृग नक्षत्रापासून करा. फेब्रुवारीत रात्री ८-९ वाजता दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. बरंच वर चार कोपऱ्यांत चार तारे आणि मधे एका रेषेत तीन दिसतील, तो मृगाला लागलेला बाण. ती रेषा खाली डावीकडे वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. उलट बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी, आणि आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. रोहिणी नेमकी ग्रहांच्या वाटेलगत आहे आणि रंगही तसाच, त्यामुळे भलेभले तिला मंगळ समजतात. शंका आली तर शेजारच्या ताऱ्यांसकट वहीत चित्र काढून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी ताडून पाहा. मंगळ असेल तर जागा बदललेली दिसेल, रोहिणी तिथेच असेल.

आकाशातले तारे-ग्रह नावासकट दाखवणारं स्टेलॅरियम अ‍ॅप जरूर वापरा, पण स्वतःचा अंदाज बांधून झाल्यावर. आधीच मोबाइल वर धरलात तर लक्षात काही राहत नाही, शिवाय त्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात ते वेगळंच.