'बंधित' निधी आणि 'अबंधित' निधी

प्रश्न असा आहे: ग्रामपंचायतीच्या फलकावर 'पंधरावा वित्त आयोग – बंधित' आणि 'अबंधित' अशा दोन रकमा लिहिल्या आहेत. बंधित म्हणजे अडकून पडलेला पैसा का? आणि 'बद्ध' असताना 'बंधित' हे रूप शुद्ध आहे का?

आधी रूपाचं बघू. 'बन्ध्' धातूचं सरळ रूप 'बद्ध', तर 'बांधायला लावणे' या प्रयोजक अर्थाच्या रूपावरून 'बन्धित'. संस्कृत कोशांत ते आहे, त्यामुळे अशुद्ध म्हणायला जागा नाही. इथे तर ते जास्त शोभतं, कारण हा पैसा देणाऱ्याने अट घालून बांधलेला आहे.

अडकलेला मात्र तो नाही. खात्यावर आलेला असतो, खर्चायचाही असतो. फक्त कशावर, ते ठरलेलं असतं. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने, म्हणजे केंद्राच्या पैशाची वाटणी सुचवणाऱ्या आयोगाने, ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी वाटणी ठरवली. ग्रामपंचायतीच्या वाट्याला १० लाख आले, तर ६ लाख बंधित. त्यातले ३ लाख स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, ३ लाख पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्वापर यांसाठी. यांपैकी एक गरज पूर्ण भागली असेल, तर ती रक्कम दुसरीकडे वळवता येते, रस्त्याकडे नाही. चूक नेमकी इथे होते. गटार आणि रस्ता एकाच अंदाजपत्रकात धरतात, सगळी रक्कम बंधितमध्ये टाकतात आणि लेखापरीक्षणात रस्त्याच्या भागावर आक्षेप येतो. दोन्ही कामं आराखड्यातच वेगळी दाखवावीत.

उरलेले ४ लाख अबंधित. याचा अर्थ 'मनाला येईल तसा' असा लावला जातो, तोही चुकीचा. गावाची गरज गावाने ठरवायची, पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवं, आणि पगार व आस्थापनेवर यातला पैसा चालत नाही.

दुसरे शब्द का नकोत? 'बंधनकारक निधी' म्हटलं की निधीच कुणाला तरी बांधतो असा अर्थ होतो. 'निर्बंध निधी' तर उलटाच, कारण मराठीत निर्बंध म्हणजे मनाई. 'अनिर्बंध' शब्दात बेलगामपणाची छटा आहे. 'अबाधित' हा केवळ दिसायला जवळचा. हक्क अबाधित असतो, निधी नव्हे. बोलण्यात 'टाइड-अनटाइड' सर्रास चालतं, पण फलक वाचणाऱ्या म्हातारीला त्यातून काहीच कळत नाही. मला 'अबंधित' खरोखर आवडतो. त्यात सूट कळते आणि बेलगामपणाचा वास येत नाही.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या, गावांत 'अबंध निधी' हा शब्द ऐकाल. तो निराळा: आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या निधीतला, ५ टक्के हिस्सा थेट गावाकडे देण्याची ही राज्याची योजना, २०१५ पासूनची. म्हणून अबंध आणि अबंधित एकमेकांच्या जागी लिहू नयेत. हिशोबाची खाती वेगळी आहेत.

सगळ्यांत मोकळा पैसा म्हणजे स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी. त्यातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी काढावे लागतात. पण बाकीच्यावर दिवाबत्तीच्या बिलापासून शिपायाच्या पगारापर्यंत गावाचा स्वतःचा अधिकार चालतो. विकेंद्रीकरण खरं किती झालं हे मी याच आकड्यावरून बघतो. त्यातला घरपट्टी, पाणीपट्टीचा भाग नमुना ९ मध्ये सापडेल, कर मागणी नोंदवहीत. तिथली 'मागणी' म्हणजे विनंती नव्हे, येणं असलेली रक्कम. तिच्यासमोर वसुली किती, ते वाचावं.

फलकावर 'वित्त आयोग' अशी एकच ओळ नको. 'बंधित : पाणी', 'बंधित : स्वच्छता', 'अबंधित' अशा तीन ओळी, आणि प्रत्येकीसमोर जमा, खर्च, शिल्लक.