भूल, भान आणि क्वांटम: तुमचे प्रश्न

भूलतज्ज्ञाला लोक एरवी दोनच गोष्टी विचारतात, दुखेल का आणि उठेन ना. यावेळी मात्र जाणीव म्हणजे काय, ती मेंदूत असते की बाहेर असते, असले प्रश्न आलेत. जमेल तेवढी उत्तरं देते.

प्रश्न: आईचं ऑपरेशन साडेतीन तास चाललं. उठल्यावर म्हणाली, "आत्ताच तर डोळे मिटले, झालं पण?" झोपेतून उठल्यावर निदान वेळ गेल्यासारखं वाटतं. मग तेवढा वेळ ती होती कुठे?

भूल म्हणजे झोप नाहीच, आम्ही पेशंटला समजावताना तसं म्हणतो एवढंच. प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून सोडलं आणि शंभरपासून उलटे आकडे मोजायला सांगितले की नव्वदच्या खाली फारसं कोणी पोचत नाही, बोलता बोलताच आवाज थांबतो. पण मेंदू काही बंद पडलेला नसतो, पेशी काम करतच असतात. मिलानचे मेंदूसंशोधक मार्चेल्लो मासिमिनी आणि त्यांच्या टीमने डोक्याच्या बाहेरून मॅग्नेटचा एक छोटा झटका देऊन ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर बघितलं, तर जाग्या माणसात त्याचे पडसाद मेंदूभर फिरतात, इकडून तिकडे, बराच गुंता होतो, आणि प्रोपोफॉल दिलेल्या माणसात तेच पडसाद जिथल्या तिथे विरून जातात. म्हणजे पेशी चालू आहेत पण एकमेकींशी बोलत नाहीयेत. गंमत केटामाइन या भुलीच्या दुसऱ्या औषधाची, तो पेशंटही बाहेरून बेशुद्धच दिसतो पण पडसाद बरेचसे जागेपणासारखे, आणि असे लोक उठल्यावर चित्रविचित्र स्वप्नं सांगतात. तेव्हा आई कुठे गेली नव्हती. ज्या आपसातल्या बोलण्यातून "मी आहे" असं भान येतं ते तेवढा वेळ तुटलं होतं, असं मी म्हणेन.

प्रश्न: पेशंटला आत सगळं कळत असेल पण नंतर आठवत नसेल तर? हे डोक्यात आल्यापासून झोप उडालीये.

यावेळचा सगळ्यात चांगला प्रश्न. हलणं, कळणं आणि आठवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही त्यासाठी औषधंही वेगवेगळी देतो. स्नायू ढिले करणारं औषध दिलं की माणूस हलू शकत नाही, त्यामुळे निपचित पडलाय म्हणजे बेशुद्धच आहे असं नसतं. म्हणून काही संशोधकांनी एक युक्ती केली, ते औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीसारखा पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवायचा म्हणजे तो हात मोकळा राहतो, आणि मग कानात सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही पेशंट दाबतात! आणि उठल्यावर त्यातल्या बहुतेकांना काहीच आठवत नाही. मग त्या क्षणी त्यांना कळत होतं की नव्हतं? मला वाटतं, होतं. पण घाबरू नका, ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत भान राहिल्याची आठवण सांगणारे साधारण १९,००० भुलींमागे एक निघाले, आणि बीआयएस मॉनिटर, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून भूल किती गाढ आहे ते शंभरपैकी आकड्यात दाखवणारं यंत्र, लावला असेल तर त्यावरचा आकडा ४० ते ६० मध्ये ठेवायला आम्ही टपूनच बसलेलो असतो.

प्रश्न: क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय ना की बघणाऱ्याच्या जाणिवेमुळे जग तयार होतं? डबल स्लिटचा व्हिडिओ बघितला.

नाही. डबल स्लिटमध्ये इलेक्ट्रॉनसारखे कण दोन फटींतून सोडतात, आणि कुठल्या फटीतून गेले ते "बघितलं" की पडद्यावरची नक्षी बदलते. पण तिथे "बघणं" म्हणजे डिटेक्टरने नोंद करणं, खोलीत चिटपाखरू नसलं तरी रिझल्ट तोच येतो. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि स्टुअर्ट हॅमेरॉफ जाणिवेचं मूळ पेशींमधल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्यांमधल्या क्वांटम घडामोडींत शोधतात, हॅमेरॉफ आमच्याच पेशातले, पण मेंदूसारख्या गरम ओल्या जागी असल्या नाजूक अवस्था टिकतच नाहीत असं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्कने २००० साली मांडलं. वाद अजून चालू आहे, मला मात्र टेगमार्क पटतो.

प्रश्न: मी बीएस्सीला आहे. औषधाने जाणीव जाते म्हणजे जाणीव मेंदूच बनवतो, विषय संपला. आजोबांना हे पटत नाही.

थांब जरा, एवढ्यात संपत नाही. चार्वाकही हेच म्हणायचे, किण्व म्हणजे आंबवण मिसळून आंबवलं की सुट्ट्या जिनसांत नसलेली नशा तयार होते तशीच महाभूतं एकत्र आली की चैतन्य. पण नशा का चढते ते केमिस्ट्री सांगते. पेशींच्या विजेतून लाल रंगाचं लालपण किंवा दाढेची ठणक का जाणवावी हे कोणी सांगू शकलेलं नाही, १९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सने याच अडचणीला "हार्ड प्रॉब्लेम" म्हटलं. १९९८ मध्ये मेंदूसंशोधक क्रिस्टॉफ कॉखने त्याच्याशी पैज लावली की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल, आणि २०२३ मध्ये हरून वाइनची पेटी दिली. म्हणजे मेंदूवाचून जाणीव राहते याचा पुरावा नाही, पण मेंदूतून ती कशी येते हेही कळलेलं नाही, दोन्ही एकदमच खरं आहे.

आजोबांशी भांडण्यापेक्षा त्यांना सुषुप्तीबद्दल, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेबद्दल विचार. गाढ झोपेतून उठून आपण म्हणतो छान झोप लागली, काही कळलं नाही. अद्वैतवाले म्हणतात ही आठवण आहे, म्हणजे झोपेतही आतला साक्षी, नुसता बघणारा, जागा होता. न्यायदर्शनवाले म्हणतात छे, हे जागं झाल्यावर केलेलं अनुमान. मी न्यायवाल्यांच्या बाजूने. आजोबा बहुधा नसतील.