प्रश्न: एमएसाठी द्वेषातून होणारे गुन्हे आणि समाजाचा त्यावरचा प्रतिसाद यावर प्रबंध करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मी विदर्भात वकिली करतो, अ‍ॅट्रॉसिटीची बरीच प्रकरणं हाताळली आहेत. त्यामुळे उत्तर वकिलाच्या अंगानेच येणार.

तुम्ही एमएला आहात, गाईड आधी आकडे आणायला सांगतील. तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात द्वेषगुन्ह्यांचा रकानाच नाही. दलित-आदिवासींवरचे अत्याचार वेगळे मोजतात, धर्मावरून झालेला खून मात्र इतर खुनांत मिसळून जातो. त्यापेक्षा एकच प्रकरण निवडा, फिर्यादीपासून निकालापर्यंतचे कागद वाचा आणि द्वेषाचा मुद्दा कुठल्या टप्प्यावर गळाला ते शोधा.

खैरलांजीच घ्या. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा. भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावातल्या जमावाने मारलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. आईने आधीच्या एका मारहाणीत आरोपी ओळखले होते, त्याचा हा सूड, असं न्यायालयाने मानलं. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची कैद दिली. जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही.

सूड होताच, मी नाकारत नाही. पण तीच साक्ष गावातल्या वरचढ जातीच्या बाईने दिली असती, तर तिच्या पोरांसकट तिला मारायची कुणाची हिंमत झाली असती? तेव्हाच्या कायद्यात जातीमुळेच गुन्हा घडला हे सिद्ध करावं लागे. आपल्याकडे भांडणाला बांध, वाट, पाणी असं काहीतरी निमित्त असतंच, आणि बचावाचे वकील नेमकं तेच पुढे करतात (मीही त्या बाजूला असतो तर केलं असतं). 2015 च्या दुरुस्तीनंतर मोठ्या गुन्ह्यांत आरोपीला पीडिताची जात माहीत होती एवढं दाखवलं तरी पुरतं.

समाजाचा प्रतिसाद म्हणाल, तर तारखा लावून बघा. हत्याकांड सप्टेंबरअखेरचं, विदर्भ पेटला नोव्हेंबरात. मधल्या काळात बाईच्या चारित्र्याबद्दलची कुजबुज बातम्यांतही आली. लोक रस्त्यावर उतरल्यावर त्यामागे नक्षलवादी असल्याची भाषा सरकारकडून झाली. आणि काही वर्षांनी याच गावाला तंटामुक्तीचा पुरस्कार मिळाला! माझ्या मते या पुरस्कारावरच एक प्रकरण लिहिता येईल.

पीडितांच्या घरी रेकॉर्डर घेऊन लगेच जाऊ नका. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते; आधी माहिती अधिकारात तुमच्या जिल्ह्यातल्या या समितीची इतिवृत्तं मागा. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि दर तीन महिन्यांनी बैठक घेणं नियमाने बंधनकारक आहे. बैठकच झाली नसेल तर तसं लेखी उत्तर घ्या, तेही प्रबंधाला जोडता येतं.